पंडिता रमाबाई : त्या नक्की कोणाच्या?



गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीनंतरची गोष्ट. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. वर्गातल्या एका ख्रिस्ती मुलीने डब्यात करंज्या आणि शंकरपाळे आणले होते. शेजारच्या मुलाला फार नवल वाटलं. तुम्ही लोक पण करंज्या करता, असं त्याने तिला विचारलं. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, पण "तुम्ही लोक" हे दोन शब्द तिला लागले असावेत. त्या दिवशी तिने डबा दप्तरात टाकून दिला आणि कुणालाच करंजी दिली नाही.

दोन दिवसांनी मी वर्गात पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर त्याच मुलीने हात वर केला आणि रमाबाई नाताळला केक खायच्या का, असं विचारलं. सगळा वर्ग हसला. मला मात्र उत्तर येत नव्हतं. डी.एड.ला आपण रमाबाईंवर चार ओळींची टीप लिहितो : जन्म, शारदा सदन, मुक्ती मिशन, मृत्यू. त्यात केकचा पत्ता कुठून असणार? घरी येऊन पुस्तकं काढली, वाचत गेले, आणि तो प्रश्न किती नेमका होता ते हळूहळू कळलं. जे वाचलं ते तुमच्यासाठी माझ्या शब्दांत लिहिते आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या पश्चिम घाटात, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी एक धाडस केलं होतं, स्वतःच्या बायकोला संस्कृत शिकवलं होतं. बाईमाणसाला देववाणी शिकवली म्हणून त्यांना उडुपीला पंडितांसमोर उभं राहून आपली बाजू मांडावी लागली. पुढे त्यांचं सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराण सांगत देशभर फिरलं. रमाबाईंना आईनेच शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक त्यांना लहान वयात तोंडपाठ होते. ना गाव, ना शेजार, ना भातुकलीच्या मैत्रिणी. आज इथल्या देवळाची ओसरी, उद्या पुढच्या गावची. "आमचं गाव" असं म्हणायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१८७० नंतरच्या दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. आधी वडील गेले, थोड्याच महिन्यांत आई, आणि मग मोठी बहीण. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. आईच्या वेळचा प्रसंग वाचताना मला पुढे जाववेना. परक्या मुलखात खांदा द्यायला माणसं मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा रमाबाईंचा. पण त्या उंचीने ठेंगण्या. खांदा पुरेना म्हणून आईची तिरडी डोक्यावर घेऊन त्या मैलोन्‌मैल चालल्या. मुलांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही वर्ग बघून ठरवा. मी सांगितलं नाही.

भावाबहिणीने पुढे हजारो मैल पायपीट केली आणि १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या मुलीला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. त्याच कलकत्त्यात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना पाहिली. कुणीतरी त्या दोघांना एका मेळाव्याला नेलं होतं. तिथले लोक उठले, वळले, गुडघे टेकून खुर्च्यांकडे तोंड करून डोळे मिटून बसले. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्चीची पूजा करतात! आपल्यासारखेच कपडे घातलेले हिंदी लोक साहेबांबरोबर बसून खाताहेत हे पाहून तर कलियुग पुरतं अवतरलं याची त्या दोघांना खात्रीच पटली. पुढे ज्या बाईने हजारो बायकामुलींची मंडळी उभी केली, तिची चर्चशी पहिली भेट ही अशी होती.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ब्राह्मण मुलगी, कायस्थ नवरा, वेगळा प्रांत, वेगळी भाषा; तेव्हा दोन्ही समाजांनी पाठ फिरवली हे ओघानेच आलं. आसाममधल्या सिल्चरला त्यांचा संसार जेमतेम दीड वर्षं चालला. त्या घरात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती त्यांना आवडली. नवऱ्याला मात्र बायकोने ख्रिस्ती होण्याची कल्पना मुळीच रुचली नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने ते वारले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, "स्त्रीधर्मनीति" लिहिलं आणि शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. आपल्याला तर हे माहीत असायलाच हवं, कारण मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका आणि स्त्री तपासनीस हव्यात ही मागणी त्यांनी तेव्हा ठासून मांडली होती. आज आपण इतक्या जणी खडू हातात घेऊन उभ्या आहोत, त्यामागे असल्या साक्षीही आहेत. पुण्यातच त्यांची ओळख वाँटेजहून आलेल्या अँग्लिकन जोगिणींशी, म्हणजे सिस्टर्सशी झाली. वैद्यकी शिकायची म्हणून १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. निघताना त्यांनी आपण धर्म बदलणार नाही असं सांगितलं होतं.

मग इंग्लंडात काय घडलं? एकाच वर्षात बरंच काही. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मोडलं. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली. परक्या देशात जिवाभावाचं एकुलतं माणूस असं गेलं. सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला चालणारं काम दाखवलं. समाजाने "पतित" म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे सांभाळलं जात होतं, आणि पूर्वी स्वतः तशा असलेल्या काही जणी आता दुसऱ्यांची सेवा करत होत्या. अशा बायकांना कुणी हात देऊन आत घेतं हे रमाबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. यामागे काय आहे असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. मुळचे आपल्याकडचेच चित्पावन शास्त्री आणि पुढे ख्रिस्ती धर्मगुरू झालेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे हेही त्यांना पत्रं लिहून शंकांची उत्तरं देत होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात गदारोळ झाला. घर नसलेल्या बाईला धर्माचं नवं घर मिळालं आणि जुनं दार बंद झालं, इथवर आपल्या टिपांमध्येही असतं. पण नव्या घरात काय झालं, ते टिपांमध्ये नसतं.

नव्या घरात त्यांना सांभाळणाऱ्या होत्या सिस्टर जेराल्डिन. रमाबाई त्यांना पत्रात "आजीबाई" म्हणत. दोघींचा एकमेकींवर जीव होता यात शंका नाही, आणि दोघींची खडाजंगीही तशीच होती. त्यांचा हा पत्रव्यवहार आज छापील मिळतो. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो पुस्तकरूपाने काढला, आणि मिळाला तर जरूर वाचा.

आता केकचं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारी राहिल्या. मांस-मासे तर सोडाच, अंडं घातलेलं पुडिंगही त्या खात नसत. सिस्टर्सना हा हट्ट वाटे, जुन्या जातीचा अभिमान अजून गेला नाही असं वाटे. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. ज्याने कुणाला अपाय होत नाही ती आपल्या वाडवडिलांची रीत मी का सोडू? त्या स्वतःला हिंदूच म्हणवून घेत, आणि तो शब्द त्या देश आणि संस्कृती या अर्थाने वापरत होत्या. साडी सोडली नाही, नाव सोडलं नाही. बाप्तिस्म्यात मेरी हे नाव मिळालं होतं, पण जग त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखत राहिलं.

दुसरा वाद क्रुसाचा. तिथे वापरायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, संस्कृत का नको? माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन काय कळणार, आणि लॅटिन ही काही एकटीच पवित्र भाषा नव्हे. एक शिक्षिका म्हणून मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. मुलाला वर्गात घेतलं खरं, पण वर्गातली एकही वस्तू त्याच्या भाषेत नसेल, तर तो वर्गात आला असं आपण कसं म्हणायचं?

तिसरा वाद सगळ्यात टोकदार. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील या प्राचार्यांच्या हाताखाली त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी तरुण मुलग्यांनाही शिकवावं असा विचार पुढे आला. तेव्हा हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची पत जाईल, असा त्यांचा मुद्दा. रमाबाई संतापल्या. काश्मीरपासून आसामपर्यंत हजारो पुरुषांच्या सभांमध्ये ज्या बाईने पुराणं सांगितली, व्याख्यानं दिली, तिला आता परवानगी लागणार? भटभिक्षुकांच्या जाचातून मोठ्या कष्टाने बाहेर पडले, आता दुसऱ्या भिक्षुकांचं जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता, तेही त्यांनी लपवलं नाही. ख्रिस्त हवा, पण कोणत्या तरी एकाच पंथाचा सगळा मतपाठ घोकायचा नाही. मला स्वतःला जी गोष्ट पटलेली नाही ती माझ्या मुलीला शिकवू नका, असं त्यांनी सिस्टर्सना बजावलं. पण एक खरं सांगू का? मनोरमेच्या बाबतीत मला सिस्टर्सची बाजूही थोडी समजते. ते मूल वाढवत होत्या त्या, रात्री ताप आला तर उशाशी बसत होत्या त्या, आणि तिला काय शिकवायचं ते आई दुरून सांगत होती. मनोरमेचं बालपण या ओढाताणीतच गेलं. थोर माणसांच्या मुलांवर कुणीतरी वेगळा लेख लिहायला हवा.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला हजर राहायचं होतं. जायचं काही दिवसांसाठी होतं, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. फिलाडेल्फियात फ्रोबेलची बालवाडी पद्धत शिकल्या, मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तकं तयार केली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि भाषणं देऊन विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई कर्वे. नियम असा की इथे धर्म शिकवायचा नाही. ज्यांना सोवळंओवळं पाळायचं त्यांनी खुशाल पाळावं. गोदूबाई ख्रिस्ती न होता तिथे राहिल्या, शिकल्या, मोठ्या झाल्या. इंग्लंडात जी मोकळीक स्वतःला भांडून मिळवावी लागली, ती रमाबाईंनी आपल्या छपराखाली आधीच देऊ केली होती.

१८९० मध्ये सदन पुण्याला आलं. तेव्हाचं पुणं कसं होतं पाहा. त्याच वर्षी पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर गहजब झाला, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. एका कपभर चहाने एवढं होतं, तर एका ख्रिस्ती बाईच्या घरात ब्राह्मण विधवा राहतात याचं काय होणार? रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, पण दार बंद करत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही, कारण काही मुली पुढे खरंच ख्रिस्ती झाल्या. पण दार लावून घ्यायला रमाबाई तयार नव्हत्या. आईने देवघराचं दार मुलांवर लावावं का, हा त्यांचा प्रश्न होता. मी यावर बराच विचार केला आहे आणि माझं मत अजून पक्कं होत नाही. तुम्ही पालक म्हणून काय केलं असतंत?

शारदा सदन हे मुळात वरच्या जातींच्या विधवांसाठी होतं, हेही विसरून चालणार नाही. ते कुंपण तोडलं दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात लोक उपाशी मरू लागले, तेव्हा रमाबाईंना आपल्या आईवडिलांचं मरण आठवलं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. आता जात कोण विचारणार? हाडांचे सापळे, अंगावर उवा, खरूज, कुणाला स्वतःचं नावही सांगता येत नाही. पुण्यात प्लेग असल्याने सरकारने एवढ्या माणसांना शहरात ठेवू दिलं नाही. मग पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू, झोपड्या उभ्या राहिल्या. ती मुक्तीची सुरुवात. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

शिक्षक म्हणून केडगावकडे पाहा. शाळा, शेती, विहिरी, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, छापखाना, आणि सगळं बायकांच्या हाती. अंध मुलींना ब्रेल शिकवत. ज्यांना बाहेर कुणी दारात उभं केलं नसतं त्यांच्यासाठी कृपा सदन. म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकाही होत्याच. कामाला येणार नाही म्हणून कुणाला परत पाठवलं जात नव्हतं.

आणि चर्च. सिस्टर जेराल्डिनशी झालेली सगळी भांडणं केडगावच्या चर्चमध्ये मार्गी लागलेली दिसतात. हे चर्च कुठल्याच एका पंथाचं नव्हतं. मदतीला अमेरिकेतून, युरोपातून, ऑस्ट्रेलियातून निरनिराळ्या पंथांच्या बाया आल्या, पण पाटी कुणाचीच लावली नाही. साड्या नेसलेल्या शेकडो बायका जमिनीवर मांडी घालून बसत. प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत. १९०५ मध्ये तर तिथे अशी प्रार्थनेची लाट आली की शेकडो मुली एकदम मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. पुष्कळ पाहुण्यांना तो गोंगाट वाटला. रमाबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. ज्यांच्याशी जन्मभर कुणी बोललं नव्हतं त्या बोलत होत्या. तिथेही सगळं गोडगोड असेल असं नाही. एवढ्या मोठ्या संस्थेत शिस्तीचा काच असणारच आणि सगळ्यांना तो मानवला असेल असं नाही.

शेवटची काही वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला वाहिली, बायबलच्या मराठी भाषांतराला. मराठी बायबल आधीपासून होतं, पण त्याची भाषा संस्कृतने जड झालेली, केडगावच्या मुलींना कळेना. गंमत बघा, ज्यांना संस्कृतने "सरस्वती" केलं, त्यांनीच उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, आणि तो संस्कृत शब्द टाळून खेड्यातल्या बाईला समजेल असं लिहिण्यासाठी. अनुवाद त्यांचा, जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायकांची.

मनोरमा आईचं काम पुढे नेईल असं सगळ्यांना वाटत होतं. शारदा सदनची शाळा ती चालवत होती, गुलबर्ग्याला मुलींची शाळाही निघाली होती. १९२१ च्या जुलैत ती वारली, वय चाळीस. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. तान्ही लेक कडेवर घेऊन त्या पुण्यात उतरल्या होत्या, त्याला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. त्यांचं मराठी बायबल पूर्ण छापून झालं १९२४ मध्ये.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात त्या मुलीला उत्तर दिलं. रमाबाई केक खात नसत, कारण त्यात अंडं असतं. पण त्या ख्रिस्ती होत्या आणि नाताळही साजरा करत. मग करंज्या खात असतील का, असा तिचा पुढचा प्रश्न. पुस्तकात लिहिलेलं नाही, पण करंजीत अंडं नसतं, असं मी म्हटलं. तिने शेजारच्या मुलाकडे पाहिलं. यंदाच्या नाताळात ती पाचवीत गेली होती, तरी मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात आली. डबा मोठा होता. तो मुलगाही तिच्याबरोबर होता, आणि वाटायचं काम त्याच्याकडे होतं.